पाहुण्यांचे बंदर, यजमानांची खाडी

(ठाकुर्ली येथे एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



ठाकुर्लीत उभे राहून बंदराविषयी बोलायचे म्हटले की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर एक प्रश्न उमटतोच, 'इथे कुठले आले बंदर?' मुंबईकराच्या लेखी ठाकुर्ली म्हणजे डोंबिवली आणि कल्याण यांच्यामधले एक लहान स्थानक. ज्येष्ठांच्या स्मरणात ती रेल्वेच्या चोळा वीजगृहाची ठाकुर्ली आहे. पण रेल्वेमार्ग ओलांडून पश्चिमेला खाडीकडे चालत गेले की दुसरी ठाकुर्ली लागते. तिचे नाव मोठागाव ठाकुर्ली, आणि तिच्या टोकाला आहे रेतीबंदर. पडाव गेले, रेती गेली, तरी 'बंदर' हा शब्द त्या जागेवरून पुसला गेलेला नाही. लोकांच्या जिभेवर नाव टिकते, तेव्हा त्यामागे काही शतकांचा व्यवहार असतो.

या बंदराकडे आता शासनाचेही लक्ष गेले आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा वसई खाडी आणि उल्हास नदीचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित झाला. त्याची लांबी १४५ किलोमीटर. पहिल्या टप्प्यात ज्या धक्क्यांचा विचार झाला, त्यांत वसई, मीरा-भाईंदर आणि ठाण्याचे कोलशेत यांच्या जोडीला डोंबिवलीचे नाव आले. वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो सेवा सुरूही झाली. मोठागाव आणि माणकोली यांच्यामध्ये मोठा पूल उभा राहिला. म्हणजे खाडीकाठ बदलणार, हे निश्चित आहे. तो कोणासाठी आणि कोणत्या पद्धतीने बदलणार, एवढेच ठरायचे आहे. माझे आजचे बोलणे त्यापुरते मर्यादित आहे. प्रवासी जलवाहतूक हा मोठा विषय आहे आणि त्यावर पुष्कळ बोलले जाते. मी बोलणार आहे एका लहान गोष्टीबद्दल: आपल्या या भरती-ओहोटीच्या लहानशा बंदरात बाहेरून येणाऱ्या नाविकाला, शिडाच्या किंवा वल्ह्याच्या होडीतून येणाऱ्या पाहुण्याला, चार तास किंवा एक रात्र सुखाने थांबता येईल का?

पाहुण्यांची जुनी वाट

ही कल्पना परकीय चित्रपटातून उचललेली वाटेल. पण आपल्या या काठाला ती मुळीच नवी नाही. येथून वर थोड्या अंतरावर असलेले कल्याण हे इसवी सनाच्या पहिल्या शतकात परदेशी नाविकांना ठाऊक असलेले बंदर होते. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक नाविकाच्या वृत्तांतात त्याचा 'कल्लिएना' असा उल्लेख आहे. त्या नोंदीत एक अर्थपूर्ण तपशील येतो. एका राजाच्या काळात हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे सत्ता बदलली, व्यापारावर अडथळे आले आणि येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली. सहाव्या शतकातील कॉस्मस या प्रवाशाने पुन्हा कल्याणचे नाव महत्त्वाच्या बाजारपेठांत घेतले आहे आणि येथील पितळ, लाकूड आणि कापड यांची नोंद केली आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. ज्या गावचे व्यापारी डोंगरात लेणी कोरण्यासाठी दान देऊ शकत होते, त्या गावाचे वैभव या खाडीच्या पाण्यावरून आले होते.

पेरिप्लसमधील त्या दोन ओळींचा अर्थ मी असा लावतो. बंदर मोठे होते ते केवळ पाण्याच्या खोलीमुळे होत नाही. येणाऱ्या परक्याला तेथे शिस्त, सुरक्षितता आणि स्वागत मिळते, तेव्हा ते मोठे होते. वागणूक बिघडली की जहाजे दुसरीकडे वळतात.

दुसरा अध्याय आपल्या सर्वांच्या अभिमानाचा आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्यानंतर याच खाडीत स्वराज्याच्या आरमाराची पायाभरणी झाली. दुर्गाडीचा किल्ला त्याची साक्ष देत उभा आहे. या आरमाराच्या आरंभातही परदेशी नाविक आहेत, हे आपण क्वचित सांगतो. रुइ लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा फेर्नांव यांना महाराजांनी जहाजबांधणीच्या कामावर घेतले होते. १६५९ च्या सुमाराच्या पोर्तुगीज कागदपत्रांत कल्याण-भिवंडीकडे बांधल्या जाणाऱ्या वीस युद्धनौकांची चिंता दिसते. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने या मंडळींना फितवून काम सोडायला लावले. ते निघून गेले, पण आरमार थांबले नाही. परक्याचे कसब घ्यावे, पण आपला हात त्याच्यावर अवलंबून ठेवू नये, हा त्या प्रसंगाचा धडा आहे. आज बंदराची कंत्राटे काढताना तो आठवला पाहिजे.

मग १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. मालाने आणि माणसांनी रूळ धरले. गाडी आली आणि खाडी मागे पडली. आपल्या घरांची तोंडे स्थानकाकडे वळली आणि पाठ पाण्याकडे झाली. घराच्या पाठीमागे आपण काय टाकतो, हे मी येथे सांगायला नको.

पाहुणा कोण?

'व्हिजिटिंग सेलर' म्हटले की डोळ्यांसमोर गोरा साहेब, पांढरी नौका आणि श्रीमंती थाट येतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. परदेशी नौका भारतात आली की तिला आधी मुंबई, कोची अशा अधिकृत बंदरात सीमाशुल्काचे आणि आगमनाचे सोपस्कार करावे लागतात. ती थेट ठाकुर्लीला येणार नाही आणि तिच्या आशेवर कोणी आराखडा करू नये. आपला पाहुणा असेल मुंबईच्या नौकानयन संस्थेतला तरुण, वसईहून शिडाच्या होडीने येणारे कुटुंब, कयाक वल्हवत येणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, एखादा निवृत्त नौसैनिक, एनसीसीच्या नौदल विभागाचे छात्र. संख्या थोडीच राहील. पण ही मराठी मंडळी आहेत आणि त्यांना स्वतःच्या प्रदेशात होडी लावायला जागा नाही.

मराठी माणूस समुद्राला भितो, असे कोणी म्हणाले तर कमांडर दिलीप दोंदे यांचे नाव घ्यावे. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली होती. पुढे त्याच नौकेने कमांडर अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. दोंदे यांनी वाटेत चार ठिकाणी मुक्काम केला: ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन. यांतील लिटल्टन आणि पोर्ट स्टॅन्ली ही लहान गावे आहेत. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या लहान गावांनी आपल्या नाविकाला आसरा दिला. तोच नाविक उद्या उल्हास खाडीत आला, तर त्याची दोरी कोठे बांधायची, याचे उत्तर आज आपल्याकडे नाही.

भरतीचे गणित

आता पाण्याकडे येतो. ही खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. भांगाच्या दिवसांत तो निम्म्यावर येतो. भरतीची लाट वसईच्या मुखातून आत शिरते, घोडबंदर, कोलशेत, काल्हेर ओलांडत वर चढते आणि मुंबईनंतर बऱ्याच वेळाने ठाकुर्लीला पोहोचते. आपल्या किनाऱ्यावरच्या जाणत्यांकडे यासाठी एक सोपा हिशेब होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हा हिशेब उघड्या किनाऱ्याचा. खाडीत आतवर त्यात विलंबाची भर घालायची. पंचांग आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे, पण ही वेळ त्यातून काढणारे किती जण या सभागृहात असतील?

या हिशेबात नाविकाची सोय दडलेली आहे. ओहोटी संपता संपता वसईहून होडी सोडली, तर भरतीचा प्रवाह तिला पाठीवर घेऊन वर आणतो. वसईपासून इथपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरची वाट आहे. जसजसे वर यावे तसतशी भरतीची वेळ पुढे सरकते, म्हणून होडीला अनुकूल पाणी सहा तासांहूनही थोडे अधिक काळ मिळते. परतताना ओहोटी तेच काम उलट दिशेने करते. इंजिन नसलेल्या काळात पडाव असेच चालत. त्या दृष्टीने आपली खाडी हा न थकणारा बैल आहे. त्याची वेळ सांभाळली पाहिजे, एवढेच.

पण येथेच आपल्याकडच्या बांधकामाची मोठी चूक होते. आपण काँक्रीटचा उंच, पक्का धक्का बांधतो, त्याला कठडा लावतो, दिवे लावतो आणि फीत कापतो. भरतीला होडी त्याला टेकते. ओहोटीला तीच होडी दोन पुरुष खाली चिखलात बसलेली असते आणि त्यातला माणूस वर बघत राहतो. लहान होडीसाठी उपयोगी पडतो तो तरंगता धक्का, जो खांबांना धरून पाण्याबरोबर वर-खाली होतो आणि काठाशी उतरत्या पुलाने जोडलेला असतो. त्याच्या शेजारी ओहोटीच्या पातळीपर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आणि होडी ओढून घेण्यासाठी उतार. एवढ्या तीन गोष्टींनी लहान बंदर तयार होते.

दुसरी अडचण डोक्यावरची आहे. वसईपासून इथपर्यंत भाईंदर-नायगावचे रेल्वेपूल, घोडबंदरचा महामार्ग, कशेळीचा पूल असे अनेक पूल लागतात. उंच डोलकाठीची नौका त्यांच्याखालून जाणार नाही. जिची डोलकाठी आडवी करता येते, अशीच होडी येथे येईल. हा तोटा आहे, तसे संरक्षणही आहे. धनिकांच्या अवाढव्य नौकांचे बंदर येथे होऊच शकत नाही. जे होईल ते लहानांचे होईल. पूल ओलांडण्यासाठी प्रत्येक पुलाखाली, भरतीच्या पूर्ण उंचीला, पाणी आणि तुळई यांच्यात किती अंतर उरते ते मोजून लिहून ठेवले पाहिजे. या कामाला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

तिसरी गोष्ट गाळ. उल्हास नदी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते आणि पावसाळ्यात घाटमाथ्याची माती घेऊन येते. २६ जुलै २००५ चा पूर येथील कोणी विसरलेला नाही. काठावर भराव टाकून खाडी अरुंद केली की गाळ बसायला जागा बदलतो, पण बसतोच. मांडव्याला लाटांना अडवणारी भिंत बांधली, तेथेही गाळ उपसण्याचे काम संपलेले नाही. शिवाय रेतीउपशाने आपल्या खाडीचा तळ कोठे खोल खड्ड्यांचा तर कोठे उंचवट्यांचा झाला आहे. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने रेतीउपशावर कठोर निर्बंध आणले, पण तोवर सक्शन पंपांनी व्हायचे ते नुकसान केले होते. म्हणून एकदा खोली मोजून भागणार नाही. दर पावसाळ्यानंतर ती पुन्हा मोजावी लागेल.

दोन धडे: एक दूरचा, एक जवळचा

भरतीच्या बंदराची जगातील प्रसिद्ध कथा इंग्लंडमधील ब्रिस्टलची आहे. तेथील नदीत भरती-ओहोटीचा फरक प्रचंड. ओहोटीला जहाजे चिखलात कलंडत. १८०९ मध्ये विल्यम जेसप या अभियंत्याने दरवाजे बसवून शहरातील नदीचा भाग कायम भरलेला ठेवला. जहाजे तरंगत राहिली. पण पाण्याबरोबर शहराचा मैलाही अडला आणि दुर्गंधीने लोक हैराण झाले. गाळ काढण्यासाठी पुढे ब्रुनेलसारख्या अभियंत्याला उपाय शोधावे लागले. १९७५ च्या सुमारास मालवाहतूक थांबली, आणि मग त्याच गोदीत लहान नौका, संग्रहालये आणि माणसांची वर्दळ आली. ब्रिस्टलला आपले जुने बंदर परत मिळाले, पण पाणी राहण्याजोगे झाल्यानंतर.

आपल्याकडेही कोणीतरी दरवाजे बसवून 'बारमाही जलाशय' करण्याची सूचना करील. ती मोहक आहे. परंतु आज आपल्या खाडीत काय वाहत येते? डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांचे पाणी, वालधुनी नदीने आणलेला मळ, शहरांचे सांडपाणी. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने संबंधितांना दंड ठोठावला होता. ओहोटी आहे म्हणून ही खाडी निदान श्वास घेते. तिला अडवले तर ती सडेल. म्हणून भरती-ओहोटीला अडवायचे नाही, तिच्याशी जुळवून घ्यायचे, हे आपल्या आराखड्याचे पहिले कलम असले पाहिजे.

दुसरा धडा गोव्याचा. झुआरी नदीच्या काठी नावशी आणि सांकवाळ येथे मोठे मरीना प्रकल्प आखले गेले. मच्छीमारांनी त्यांना वर्षानुवर्षे विरोध केला. त्यांचा प्रश्न साधा होता: आमच्या होड्या, आमची जाळी, आमचे शिंपल्यांचे पाणी यांचे काय? हा विरोध विकासाला आहे, असे म्हणून तो उडवून लावता येत नाही. जो समाज शतकानुशतके त्या काठावर जगला, त्याला न विचारता काढलेल्या रेषा कागदावर कितीही सुबक दिसल्या, तरी पाण्यावर उमटत नाहीत.

यजमान कोण?

मोठागाव, देवीचा पाडा, कुंभारखाणपाडा, कोपर आणि पलीकडे वेहेळे, पिंपळास, माणकोली ही आगरी-कोळ्यांची गावे आहेत. खाडीकाठच्या गावांत पत्रकार म्हणून फिरताना मला एक गोष्ट सतत जाणवली. खाडीविषयी बोलताना शहरातला माणूस 'सौंदर्य' म्हणतो, अधिकारी 'जागा' म्हणतो आणि गावातला म्हातारा तांडेल 'पाणी' म्हणतो. कोणत्या महिन्यात कोठे गाळ चढतो, कोणत्या पुलाखाली प्रवाह ओढतो, कोठल्या खड्ड्यात माणूस जातो, हे त्याला माहीत असते. रेती बंद झाली, मासळी घटली, आणि हे ज्ञान एका पिढीत संपत आले आहे. त्याचा नातू रिक्षा चालवतो किंवा मॉलमध्ये पहारेकरी आहे. दोन्ही कामे प्रतिष्ठेचीच आहेत. पण त्याच्या घरातली विद्या त्याच्या उपयोगी पडत नाही, ही समाजाची हानी आहे.

पाहुण्या होडीला वाट दाखवणारा माणूस लागतो. परक्या खाडीत रात्री शिरणाऱ्याला स्थानिक तांडेलाची सोबत लागते. दोरी घेणारा, इंजिन दुरुस्त करणारा, जेवण देणारा, होडीवर लक्ष ठेवणारा लागतो. ही सगळी कामे या गावांतील माणसांची आहेत आणि ती त्यांच्याच हाती राहिली पाहिजेत. बंदराचे व्यवस्थापन बाहेरच्या कंपनीला द्यायचे आणि गावकऱ्याला तेथे झाडू मारायला ठेवायचे, असे झाले तर व्हिएगशच्या प्रसंगातून आपण काहीच शिकलो नाही. गावांची मच्छीमार सहकारी संस्था त्या धक्क्याची चालक असावी. पाहुण्याने दिलेले शुल्क तिच्याकडे जावे. गणेशविसर्जनाची जागा, होड्या ओढायची जागा, जाळी वाळवायची जागा ही प्रथम आखून ठेवावी. मग उरलेल्या जागेत बाकीचे. विसर्जनाच्या दिवशी अर्धे शहर त्या काठावर उतरते. उरलेले दिवस आपण तेथे फिरकत नाही, हा आपलाही दोष आहे.

या काठावर आणखी एक जुना रहिवासी आहे. तिवरांची झाडी. ती गाळ धरते, काठ राखते, माशांची पिल्ले वाढवते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग मानला आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिले. लोकहिताच्या कामासाठीही न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते. म्हणून लहान धक्का तिवरांना न छेडता, रेतीबंदराच्या आधीच उघड्या झालेल्या जागेत व्हावा. 'रिव्हरफ्रंट' या गोंडस नावाखाली तिवरे तोडून भराव टाकला गेला, तर पुढच्या पुरात पाणी आपल्या दारात येईल. ते पाणी तळमजल्यावरचा माणूस कोणत्या पक्षाचा, हे विचारत नाही.

घाईचे स्मारक आणि धीराचे काम

बंधू-भगिनींनो, आपल्याला समुद्राचा अभिमान आहे. २०२२ मध्ये नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेले अष्टकोनी चिन्ह आले, तेव्हा आपली मान उंचावली. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हाही. दुर्गाडीच्या काठी नौदलाच्या निवृत्त टी-८० या नौकेच्या रूपाने आरमाराचे स्मारक आकाराला येत आहे, हे योग्यच आहे. पण याच अभिमानाच्या काळात मालवणच्या राजकोटावरचा पुतळा उभारल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. त्या दिवशी आपण सर्व शरमलो. समुद्राचा वारा आणि खारे पाणी घोषणा ऐकत नाहीत. त्यांना पक्के काम कळते. ज्या राजाने अचूक जागा हेरून, खडक तपासून, बुरुजामागून बुरुज बांधून जलदुर्ग उभारले, त्याच्या नावाने घाईचे काम करणे हा त्याचा सन्मान नव्हे.

म्हणून माझी सूचना लहान आहे, आणि ती लहान आहे म्हणूनच होण्यासारखी आहे. मोठागावच्या बंदरात प्रवासी धक्का होईल तेव्हा त्याच्या कडेला दहा-बारा होड्यांपुरता तरंगता धक्का असावा. गोड्या पाण्याचा नळ, स्वच्छ शौचालय, होडीतला मैला खाडीत न सोडता उतरवून घेण्याची सोय असावी. तिथी, भरतीची वेळ, पुलांखालची उंची आणि त्या वर्षी मोजलेली खोली लिहिलेला एक मोठा मराठी फलक असावा. कोणती होडी आली, कोण माणसे होती, कधी गेली याची नोंदवही असावी. २६ नोव्हेंबर २००८ नंतर जलमार्गाने येणाऱ्याची नोंद हा सुरक्षेचाही विषय आहे, आणि किनाऱ्यावर जागा असलेला मच्छीमार हा देशाचा पहिला पहारेकरी असतो. जून ते सप्टेंबर बंदर बंद राहावे. आणि एक होडी शाळांसाठी असावी. डोंबिवली-ठाकुर्लीतील मुलांनी लोकलच्या दारातून खाडी पाहिली आहे. तिच्यावरून जाण्याचा अनुभव त्यांना नाही.

आपले काम

हे शासन करील, महापालिका करील, मेरीटाईम बोर्ड करील, असे म्हणून आपण घरी जाऊ शकतो. पण आराखडे हरकतींसाठी खुले होतात, तेव्हा किती जण ते उघडून पाहतात? जनसुनावणीला खुर्च्या रिकाम्या असतात आणि नंतर वर्षानुवर्षे तक्रारी भरलेल्या असतात. येथे बसलेल्या मंडळींत अभियंते आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत. अभियंत्यांनी पुलांखालची उंची मोजावी. वकिलांनी तिवरांचे आणि गावठाणाच्या वहिवाटीचे कागद तयार ठेवावेत. शिक्षकांनी मुलांकडून वर्षभर भरतीच्या वेळा टिपून घ्याव्यात. तिथीच्या पाऊणपटीत ठाकुर्लीसाठी किती मिनिटे मिळवायची, याचे उत्तर त्या मुलांच्या वहीतून निघेल. कार्यकर्त्यांनी काठावरच्या गावांत जाऊन बसावे, भाषण करायला नव्हे, ऐकायला. तांडेलांना दादा-काका म्हणून बोलते करावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. यांतील एकाही कामासाठी निविदा काढावी लागत नाही.

आणि एक आग्रह. बंदर पाहायचे तर ओहोटीला पाहा. भरतीला सगळ्या खाड्या सुंदर दिसतात. पाणी उतरल्यावर काठावर काय उरते, प्लास्टिक किती, काळा चिखल किती, जुन्या धक्क्याचे दगड कोठे, हे दिसते. पाहुणा भरतीबरोबर येतो, पण मुक्कामाला राहिला की ओहोटीही पाहतो. आपले घर त्या वेळी पाहण्याजोगे असले पाहिजे.

दोन हजार वर्षांपूर्वी या खाडीने परक्या देशांतील नाविकांना पाणी, बाजार आणि आसरा दिला. साडेतीनशे वर्षांपूर्वी तिने स्वराज्याला आरमार दिले. आपल्या पिढीने तिला सांडपाणी दिले. पुढच्या पिढीला हे सांगण्याची वेळ येऊ नये, यासाठी एक लहानसा, तरंगता, प्रामाणिक धक्का एवढीच सुरुवात पुरेशी आहे. येत्या अष्टमीला संध्याकाळी सहाच्या पुढे, भरती ठाकुर्लीला पोहोचता पोहोचता, रेतीबंदरावर जाऊन उभे राहा आणि घड्याळ लावा. पाणी किती उशिराने येते, ते मला कळवा. तेथून कामाला लागू.